लॅपटॉपची हार्ड डिस्क ५६ अंशांवर; कूलिंग पॅड घ्यावा की डिस्कच बदलावी?

पार्ले_पूर्व

नमस्कार मंडळी. लॅपटॉप २०१७ चा, १५.६ इंची. सातव्या पिढीचा आय५ (१५ वॅटवाला), ८ जीबी रॅम, वेगळं २ जीबी ग्राफिक्स कार्ड, १ टीबी हार्ड डिस्क, ५४०० आरपीएम, ७ मिमी जाडीची. विंडोज १०.

डावा तळहात जिथे टेकतो ती जागा हल्ली हात ठेववत नाही इतकी तापते. डिस्क बरोबर त्याच्याच खाली आहे. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो प्रोग्रॅममध्ये पाहिलं तर तापमान ५६ आणि हेल्थच्या चौकोनात पिवळं 'कॉशन'. खालच्या यादीत मात्र सी२ म्हणजे टेंपरेचरच्या ओळीत शेवटी ३८ दिसतं. मग ५६ खरं की ३८? बाकी ओळी अशा: ०५ समोर ०, सी५ समोर ८, सी६ समोर ०, सी७ समोर ०.

खोलीत एसी नाही, पंखा आहे. थर्मामीटर ३२ दाखवतो. लॅपटॉप लाकडी टेबलावर असतो, गादीवर नाही. खाली दोन पंख्यांचा कूलिंग पॅड घ्यायचा विचार आहे. उपयोग होईल का?

ग्रँटरोड_स्टेशन

तापमान नंतर. आधी तो सी५ समोरचा ८ बघा. पिवळं 'कॉशन' त्याच्यामुळे आलंय, उष्णतेमुळे नाही. तापमानाचा चौकोन वेगळा असतो आणि त्याचा रंग वेगळा बदलतो. सी५ म्हणजे जे सेक्टर (डिस्कवरचे साठवणुकीचे छोटे कप्पे) डिस्कला वाचता आले नाहीत आणि ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही, ते. ०५ म्हणजे जे खराब ठरवून त्यांच्या बदली राखीव जागा वापरली, ते. आजकालच्या डिस्कवर खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असतो आणि मोजणी ५१२ च्या हिशोबाने होते, म्हणून ८ म्हणजे बहुधा एकच खराब जागा. एकच असली तरी आजच बॅकअप घ्या. आधी कागदपत्रं आणि फोटो, मग बाकीचं. सगळी डिस्क एका दमात ओढू नका. कॉपी चालू असताना लॅपटॉपची मागची कड दोन-तीन सेंटिमीटर उचलून ठेवा आणि टेबलफॅन डाव्या बाजूवर सोडा.

५६ आणि ३८ दोन्ही खरे. खालचा आकडा सोळाच्या पायावर लिहिलेला असतो: ३ गुणिले १६ अधिक ८, झाले ५६. फंक्शन, अ‍ॅडव्हान्स्ड फीचर, रॉ व्हॅल्यूज इथे जाऊन '१० डेक' निवडा, म्हणजे सगळं आपल्या नेहमीच्या आकड्यांत दिसेल. बरेच लोक तिथला ३८ वाचून निश्चिंत होतात.

आता उष्णता. २.५ इंची डिस्कच्या कागदावर कमाल मर्यादा सहसा ६० अंश असते, काहींची ५५. 'डिस्क ४० च्या आत हवी' हा सल्ला थंड खोलीतला आहे. मुंबईत मे महिन्यात बिनएसीच्या खोलीत ३२-३३ असताना बंद खणातली निरोगी डिस्क ४३ ते ४८ दाखवणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. नुसता आकडा बघण्यापेक्षा खोलीपेक्षा किती वर आहे ते बघा. तुमची २४ अंश वर आहे. हे जास्त आहे.

पण एवढी उष्णता आली कुठून? ५४०० आरपीएमची डिस्क जोरात लिहीत-वाचत असतानाही दीड-दोन वॅट खाते. तुमचा प्रोसेसर १५ वॅटचा, वर ग्राफिक्सचा चिप त्याहून जास्त. डिस्क बहुधा शेजाऱ्याच्या उष्णतेने भाजतेय. असं असेल तर डिस्कच्या खणाखाली पंखे लावणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. म्हणून पैसे घालायच्या आधी घोडं कुठे पेंड खातंय ते मोजा:

रात्रभर बंद असलेला लॅपटॉप सकाळी सुरू करून लगेच तापमान बघा. खोलीपेक्षा दोन-चार अंश वर असायला हवं. तेव्हाच ४५-४८ दाखवलं तर सेन्सरवर शंका घ्या.

मग काही न करता अर्धा तास चालू ठेवा. रिसोर्स मॉनिटरच्या डिस्क टॅबमध्ये खरोखर शांतता आहे ना ते बघा. बऱ्याचदा विंडोज अपडेट, डिफेंडरचं स्कॅन किंवा सर्च इंडेक्सिंग मागे रवंथ करत असतं.

मग सेव्हन-झिप उघडून टूल्समधला बेंचमार्क चालवा. तो प्रोसेसर आणि रॅम पिळतो, डिस्कला हात लावत नाही. अर्धा-पाऊण तास चालू द्या. प्रोसेसरचं तापमानही नोंदवा, एचडब्ल्यूइन्फोमध्ये दिसतं.

डिस्कच्या स्वतःच्या कामाची चाचणी वेगळी करू नका, बॅकअपची कॉपी हीच ती चाचणी. ती बेंचमार्कच्या आधीच उरका, आणि मधे लॅपटॉप पूर्ण थंड होऊ द्या.

पार्ले_पूर्व

धन्यवाद. आकडे असे, खोली ३२ धरून:
सकाळी सुरू केल्याबरोबर ३४.
अर्धा तास शांत ठेवून ४५.
सेव्हन-झिप बेंचमार्क, ४० मिनिटांनी डिस्क ५७, प्रोसेसर ९४. डिस्कचा वापर जवळजवळ शून्य.
बॅकअपची कॉपी, तासाभराने ४९.

कॉपीत एक व्हिडिओ अडला, 'डेटा एरर, सायक्लिक रिडंडन्सी चेक' म्हणाला. बाकी सगळं आलं. सी५ अजून ८ च. पंखा बेंचमार्कच्या वेळी विमानासारखा ओरडतो, पण बाजूच्या जाळीला हात लावला तर हवा जेमतेम लागते.

पंखा_आणि_जाळी

तुमचं शेवटचं वाक्य हेच निदान. पंखा जोरात आणि हवा नाही, म्हणजे पंखा आणि तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांच्या मधल्या फटीत धूळ बसलीय. बाहेरून जाळीतून बघितलं तर ती दिसत नाही, कारण थर आतल्या बाजूला, पंख्याच्या तोंडाशी असतो. आपल्याकडची दमट खारी हवा, स्वयंपाकाचा तेलकट धूर आणि बांधकामांची धूळ, तिन्ही मिळून तिथे नमद्यासारखा घट्ट थर बनतो. गरम हवेला बाहेरची वाट मिळत नाही, ती खोक्यातच फिरते आणि पहिला बळी डिस्क जाते. बाहेरून जाळीत ब्लोअर मारू नका. तो थर फक्त मागे ढकलला जातो आणि पंख्याच्या पात्यांत अडकतो.

उघडायचं असं. चार्जर काढा, लॅपटॉप पूर्ण बंद करा. तळाच्या स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते, म्हणून कागदावर तळाची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टेपने चिकटवा. रबरी पायांखाली आणि डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी लपलेले एक-दोन स्क्रू असतात. झाकण एकाच कोपऱ्यात अडलं तर जोर लावण्याआधी तिथे शोधा. झाकणाच्या खिट्ट्या जुन्या एटीएम कार्डाने सोडवा, लोखंडी पेचकसाने नाही. उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. बॅटरी जराही फुगलेली दिसली तर तिथेच थांबा आणि आधी ती बदला. फुगलेली बॅटरी डिस्कच्या खणावर दाब देते, आणि तिच्यात काही टोचलं तर आग लागते.

दुसरं काम, डिस्क काढून बाजूला कागदावर ठेवा. तिच्यावर एक बारीक भोक असतं आणि शेजारी ते झाकू नका असं लिहिलेलं असतं. आतल्या-बाहेरच्या हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते आहे. त्यावर टेप नको, पेस्ट नको आणि हवेचा फवाराही नको. धूळ उडवताना डिस्क खोक्यात ठेवूच नका.

मग पंख्याचे तीन-चार स्क्रू काढा. त्याची वायर ओढू नका, नखाने कनेक्टर सरकवा. पात्यांवरचा थर चिमट्याने सोलून निघतो, उरलेलं एक इंची मऊ ब्रशने काढा. ब्लोअर वापरणार असाल तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडला तर तो त्याच्या मर्यादेपेक्षा जास्त वेगाने फिरतो आणि बेअरिंग जातं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाजवळ नेऊ नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

२०१७ पासून थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) बदलली नसेल तर तीही आताच. हीटसिंकच्या स्क्रूंवर आकडे छापलेले असतात, उलट्या क्रमाने थोडे थोडे सैल करा. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनधाग्याच्या कापडाने पुसा. नवी पेस्ट प्रोसेसरच्या चिपवर तांदळाच्या दाण्याएवढी पुरते, ग्राफिक्सच्या चिपवर तेवढीच. शेजारच्या मेमरी चिपांवर निळसर-करडे रबरी पॅड असतील तर ते तसेच ठेवा. फाटले तर त्याच जाडीचे आणा. पॅडच्या जागी पेस्ट चालत नाही, मधे अर्धा ते एक मिलिमीटर अंतर असतं आणि पेस्ट ते भरून काढत नाही.

सामान लॅमिंग्टन रोडला मिळेल, ग्रँट रोड स्टेशनहून चालत. बिननावाच्या चंदेरी पेस्टच्या सिरिंजा घेऊ नका, काही महिन्यांत सुकतात. आणि लिक्विड मेटलच्या नादाला लागू नका, ते वीज वाहून नेतं.

सेक्टर_मोजणारा

सफाई कराच, पण वरच्या चर्चेत एक गोष्ट मागे पडतेय. डिस्क उष्णतेने मरते हे आपण फार सहज धरून चालतो. गूगलने २००७ साली स्वतःच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. मध्यम तापमानात उष्णता आणि बिघाड यांचा फारसा संबंध दिसला नाही. फरक दिसला तो खूप जास्त तापमानात आणि तीन वर्षांपेक्षा जुन्या डिस्कमध्ये. मात्र संशयित सेक्टरांची पहिली नोंद झाल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता १६ पट निघाली. आणि बिघडलेल्या निम्म्याहून जास्त डिस्कनी चार मुख्य इशाऱ्यांपैकी एकही दिला नव्हता. त्या डिस्क डेटा सेंटरमधल्या होत्या, लॅपटॉपच्या नव्हत्या. तरी तुमच्या बाबतीत ५६ पेक्षा तो ८ मला जास्त बोलका वाटतो. ग्रँटरोड यांनी आधी बॅकअप सांगितला तो बरोबरच.

सीआरसी एरर म्हणजे तो व्हिडिओ नेमका त्याच खराब जागेवर बसलाय. केबलचा दोष असता तर सी७ चा (केबलवरच्या चुकांचा) आकडा चढला असता, तुमचा ० आहे.

एक काम करू नका: चेकडिस्क स्लॅश आर, म्हणजे विंडोजची डिस्क तपासायची आज्ञा. दुकानदार आल्या आल्या तेच चालवतो. ते पूर्ण पृष्ठभाग तासन्‌तास वाचत बसतं, आजारी डिस्क आणखी तापते, आणि 'दुरुस्ती'च्या नावाखाली खराब फाइलचे तुकडे टाकून देतं. बॅकअप हातात आल्याशिवाय ते नाहीच.

पुढे सरळ ७ मिमीचा २.५ इंची साटा एसएसडी (फिरती चकती नसलेली डिस्क) घाला. तोच खण, त्याच कंसातले तेच एम३ स्क्रू. लांब स्क्रू घालू नका, आत घुसतात. क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत करणार असाल तर दोन खड्डे आहेत. १ टीबी डिस्कवरून ९६० जीबीच्या एसएसडीवर क्लोन सरळ होत नाही, कारण मुळात जागाच कमी पडते; आधी पार्टिशन लहान करावं लागतं. दुसरा खड्डा खराब सेक्टर, तिथे क्लोनिंग अडतं. क्लोनझिला या क्लोनिंगच्या प्रोग्रॅममध्ये 'रेस्क्यू' पर्याय दिल्यावरच ते पुढे सरकतं. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का तेही आधी बघा, रिकव्हरी की लिहून ठेवा.

माझं मत विचाराल तर क्लोन नको. बॅकअप आहेच, कोरी सिस्टिम टाका आणि फाइली परत आणा. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि सातव्या पिढीचे आय५ विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम वापरून बघायचं असेल तर हीच वेळ.

कुर्ला_फास्ट

सगळे खोक्याच्या आतलं बोलतायत, थोडं बाहेरचं.

लॅपटॉप 'स्लीप' करून बॅगेत टाकायची सवय असेल तर सोडा. झाकण बंद असूनही तो अपडेटसाठी किंवा टायमरने जागा होतो आणि बंद बॅगेत स्वतःलाच शिजवतो. वर गर्दीच्या लोकलमध्ये धक्के, आणि डिस्क फिरत असेल तर वाचणारं हेड प्लॅटरला, म्हणजे फिरत्या चकतीला, लागायची भीती. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण बंद केल्यावर 'हायबरनेट' ठेवा आणि 'अलाऊ वेक टायमर्स' बंद करा. हायबरनेट झाल्यावर दिवा विझेपर्यंत थांबा, मगच बॅगेत.

डिस्क फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर हात जोडा. मुंबईत पावसाळ्यात हवेतली वाफ साधारण २५ अंशांनाच थंड पृष्ठभागावर पाणी होऊन बसते. फ्रिजमधून काढलेल्या डिस्कच्या बोर्डावर मिनिटाभरात दव येतं. ऑफिसातल्या २२ अंशांच्या एसीतून निघून लगेच बाहेर लॅपटॉप उघडला तरी थोडंफार हेच होतं. अर्धा तास बॅगेतच राहू द्या, मग सुरू करा.

कूलिंग पॅड: तुमच्या लॅपटॉपच्या तळाला पंख्याखाली जाळी असेल तर थोडा फरक पडेल, तोही सफाईनंतर. डिस्कचा खण खालून बंद प्लास्टिकचा असतो, तिथे पॅडची हवा झाकणावर आपटून परत येते. त्यापेक्षा पॉवर प्लॅनमध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० चं ९९ करा. टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो, वेग थोडा उतरतो, उष्णता चांगलीच उतरते. फुकटचा उपाय आहे.

आणखी एक खोटा उपाय म्हणजे डिस्क थंड राहावी म्हणून तिला सारखं झोपवणं. एपीएमची (डिस्कची वीज वाचवणाऱ्या सेटिंगची) पातळी फार खाली आणली की काही सेकंदांत हेड पार्क होतं, पुन्हा उठतं. सी१ म्हणजे लोड सायकल काउंट भराभर चढतो, आणि लॅपटॉपच्या डिस्कचं आयुष्य साधारण ३ ते ६ लाख पार्किंगचं धरलेलं असतं. वाचणार अर्धा वॅट आणि झिजणार यंत्र.

पार्ले_पूर्व

सफाई झाली, पेस्टही बदलली. थर खरंच सोलून निघाला, पंख्याच्या तोंडावर पूर्ण रुंदीभर होता. खोली तीच ३२. तोच बेंचमार्क, ४० मिनिटं: डिस्क ४७, प्रोसेसर ७९. जाळीतून आता गरम झोत येतो आणि तळहाताखालची जागा कोमट आहे.

एसएसडी घेतोय. दोन प्रश्न उरले. दुकानात म्हणाले की डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी कॅडी (डिस्क बसवायची चौकट) लावून जुनी डिस्क तिथे बसवू, आणि तिच्यावर थर्मल पॅड चिकटवून झाकणाला टेकवू, म्हणजे उष्णता बाहेर जाईल. करावं का?

पंखा_आणि_जाळी

थर्मल पॅड नको. तुमचं झाकण प्लास्टिकचं आहे, ते उष्णता घेणार नाही. धातूचं असतं तरी डिस्कचं वरचं पत्र्याचं झाकण पातळ असतं, त्यावर सतत दाब पडणं चांगलं नाही. शिवाय ते भोक पॅडखाली जायची भीती. २४ चा फरक १५ वर आलाय, आता तिच्या अंगाला काही लावायची गरज नाही.

कॅडी ९.५ आणि १२.७ मिमी अशा दोन जाडीत येते, म्हणून डीव्हीडी ड्राइव्ह काढून पट्टीने मोजल्याशिवाय घेऊ नका. एरवी ती जागा प्रोसेसरपासून लांब असते आणि निरोगी डिस्कला ठीक. तुमच्या या डिस्कला मात्र मी तिथे घालणार नाही.

सेक्टर_मोजणारा

सहमत. एखादा सेक्टर वाचताना डिस्क अडली की सगळी सिस्टिम तिच्यासाठी खोळंबते, एसएसडीचा फायदा शून्य. तिला यूएसबीच्या बाहेरच्या खोक्यात घाला.

बॅकअपमधल्या फाइली उघडतायत ना ते तपासल्यावर त्या डिस्कला एकदा पूर्ण फॉरमॅट द्या, 'क्विक' ची खूण काढून. विंडोज त्यात सगळीकडे शून्य लिहितं, १ टीबीला सुमारे तीन तास लागतात, तेवढा वेळ डिस्कवर पंखा लावून ठेवा. लिहिल्यावर डिस्कला त्या अडकलेल्या जागेचा निकाल लावावाच लागतो. सी५ शून्य झाला आणि ०५ शून्यच राहिला तर जागा पुन्हा लिहिली गेली, प्लॅटर तिथे ठीक आहे. दुसऱ्या प्रतीसाठी डिस्क वापरा, एकमेव प्रत म्हणून नाही. ०५ चढला पण पुढच्या पूर्ण फॉरमॅटनंतर तिथेच थांबला तरी तेच. दुसऱ्यांदाही चढला किंवा सी५ परत आला तर तिच्यावर काहीच ठेवू नका. शून्य लिहून झालेली आहेच, त्यामुळे ई-कचऱ्यात देताना डेटाची फारशी काळजी नाही. फक्त खोक्यातून काढून नुसती डिस्क द्या, खोकं दुसऱ्या डिस्कला चालतं.